नजरेच्या रेषेत

जुन्या मराठी घरात भिंतीवरच्या तसबिरींकडे मान वर करूनच पाहावं लागे. दाराच्या चौकटीच्या वर, छताच्या जरा खाली, एका ओळीत त्या टांगलेल्या असत आणि सगळ्या पुढे झुकलेल्या. खालच्या कडेला दोन खिळ्यांचा नाहीतर लाकडी पट्टीचा आधार, वरची बाजू सुतळीने किंवा तारेने मागच्या खिळ्याला बांधलेली. वाड्याचा सोपा असो, चाळीतली दहा बाय बाराची खोली असो की कोकणातली ओटी, पद्धत हीच. या झुकलेल्या तसबिरींमागच्या तिकोनी फटीत चिमण्या घरटी करत. काडीकचरा खाली पडतो म्हणून दिवसभर कटकट करणारी आजीच मग घरट्याला कुणाला हात लावू देत नसे.

तसबीर झुकवण्यात विचार होता. घर जमिनीवर बसणाऱ्यांचं. मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर असतात. सात-आठ फुटांवरची तसबीर भिंतीला सपाट टेकवली, तर खाली बसलेल्याला ती तिरपी दिसते आणि समोरच्या दारा-खिडकीचा उजेड काचेवर चमकतो. झुकवली की चित्र बघणाऱ्याकडे वळतं आणि काचेत उजेडाऐवजी जमीन उमटते. शिवाय पाठीमागून हवा खेळती राहते. पावसाळ्यात भिंतीला ओल आली तरी तिला फक्त खालची कड टेकलेली असते, बाकी कागद वाचतो. आणि या सगळ्याच्या वर मानाचा प्रश्न. वडीलधाऱ्यांना पाय लागणार नाही, मुलांचा चेंडू लागणार नाही, अशा जागी बसवायचं.

तिथे कोण बसत असे, हेही ठरलेलं होतं. देव, गेलेली माणसं आणि थोर पुरुष. शिवाजी महाराज, टिळक, गांधी, आंबेडकर. घर कोणतं त्यावर यादी बदले. जिवंत माणसाचा एकट्याचा मोठा फोटो लावायला घरातली म्हातारी माणसं नको म्हणत. नवराबायकोचा स्टुडिओत काढलेला फोटो चाले, पदवीचा झगा घातलेला मुलगा चाले. हार मात्र गेलेल्यांनाच. गेलेल्यांचे फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लावायचे आणि देवांच्या रांगेत मिसळायचे नाहीत, असंही अनेक घरांत पाळतात.

देव भिंतीवर इतक्या संख्येने आले ते छापखान्यामुळे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत छपाया ज्यांना तैलचित्र परवडणं शक्यच नव्हतं अशा घरांत पोचल्या. बायकांनी त्यांना जरीचे काठ आणि टिकल्या चिकटवल्या, लक्ष्मीला खऱ्या कापडाचं लुगडं नेसवलं. छापील प्रत घरोघर सारखी, पण लुगड्याचा रंग प्रत्येकीचा वेगळा. मग कॅलेंडरांचा जमाना आला. रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांचं कॅलेंडर डिसेंबर संपला म्हणून कोण फेकणार? खालच्या तारखा कापायच्या, वरच्या चित्राला चौकट करून घ्यायची आणि ओळीत एक देव वाढवायचा.

तेव्हा ज्याला आज दुकानदार आणि सजावटकार 'गॅलरी वॉल' म्हणतात, ती आपल्या घरांना नवी नाही. नवी आहे ती उंची. वर ठेवलेलं खाली उतरवून डोळ्यांसमोर आणायचं, हा खरा बदल. फ्रेम कुठल्या रंगाच्या आणि मांडणी चौकोनी की मोकळी, हे सगळे प्रश्न त्यानंतरचे.

उंचीवरून भांडणं मोठमोठ्यांनी केली आहेत. पॅरिसमध्ये १७२५ पासून लूव्र राजवाड्याच्या सालों कारे या दालनात चित्रांची प्रदर्शनं भरत. फ्रेमला फ्रेम भिडवून, कमरेपासून थेट छतापर्यंत चित्रं. खच्चून भरलेल्या भिंतीला 'सालों पद्धत' म्हणतात, ते यावरून. लंडनच्या रॉयल अकादमीच्या दालनात भिंतीवर सुमारे आठ फुटांवर एक आडवी पट्टी होती. या पट्टीच्या आसपास जागा मिळणं म्हणजे भाग्य, आणि छताजवळ गेलेलं चित्र गेल्यातच जमा. १७८४ मध्ये टॉमस गेन्सबरो या नावाजलेल्या चित्रकाराने तिघी राजकन्यांचं चित्र पाठवलं आणि ते नेहमीपेक्षा खाली लावा म्हणून कळवलं. रंगकाम नाजूक होतं, लांबून दिसलं नसतं. अकादमीने नियमावर बोट ठेवलं. गेन्सबरोने सगळी चित्रं परत मागवली आणि पुन्हा तिथे कधी चित्र लावलं नाही.

विसाव्या शतकात संग्रहालयांनी हा पसारा आवरला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९२९ पासून आल्फ्रेड बार याने चित्रं साध्या भिंतीवर, एका ओळीत, मधे भरपूर मोकळी जागा सोडून लावली. आज जगभर हीच रीत झाली आहे. तिच्यातून आलेला एक आकडा घरी कामाचा आहे, सत्तावन्न इंच. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर, म्हणजे पावणेपाच फुटांवर ठेवायचा. उभ्या माणसाची नजर साधारण तिथे पडते.

आता हिशेब. फ्रेम २० इंच उंच आहे. मागची तार मधोमध बोटाने वर ताणली की फ्रेमच्या वरच्या कडेपासून अडीच इंच खाली राहते. मग खिळा कुठे? ५७ अधिक फ्रेमची निम्मी उंची १०, झाले ६७. त्यातून अडीच वजा. साडेचौसष्ट इंचांवर खिळा मारा. ही वजाबाकी लोक विसरतात, फ्रेम खाली येते, मग दुसरं भोक पाडतात आणि पहिलं झाकायला आणखी मोठी फ्रेम शोधत बसतात.

पण संग्रहालयात लोक उभे असतात आणि आपल्याकडे बैठकीच्या खोलीत बसलेले. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे पावणेचार फुटांच्या आसपास येतात, म्हणून तिथे सत्तावन्नचे चोपन्न, अगदी बावन्न केले तरी चालतं. सोफ्याच्या पाठीपासून सहा-आठ इंच मात्र सोडा, नाहीतर पाहुण्यांची तेल लावलेली डोकी काचेला टेकतील. जिना, बोळ, दारामागची भिंत इथे कुणी बसत नाही, तिथे सत्तावन्न बरोबर. जिन्यात चित्रांची ओळ पायऱ्यांच्या उताराला समांतर चढवायची. लहान मुलांनी काढलेली चित्रं तीन फुटांवर लावा. त्यांना ती दिसली पाहिजेत.

आणि उतरवायचं कोणाला? एका घरी हे काम चालू असताना सासूबाईंनी एवढंच म्हटलं, "अप्पांना टीव्हीशेजारी नको. रात्रभर सिरियली बघत बसतील." सून म्हणाली, "आई, त्यांना आवडायच्या की." अप्पा शेवटी टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर गेले, म्हणजे तसं पाहिलं तर सुनेचंच झालं. अशी चर्चा प्रत्येक घरात होणार आणि ती ड्रिल हातात घेण्याआधी झालेली बरी. ज्यांना अप्पांचा फोटो वरच, हारासकट हवा आहे, त्यांचा तो तिथेच राहू द्यावा. पण त्याच अप्पांचा सायकलवर पाय टेकून हसणारा दुसरा फोटो असतोच कुठेतरी बिस्किटाच्या डब्यात. तो खाली, इतरांमध्ये लावा. वरचे अप्पा वडील, खालचे अप्पा पंचविशीतले.

निवडीबाबत मला एकच आग्रह धरावासा वाटतो. सगळे फोटो नकोत. नुसत्या फोटोंची भिंत काही दिवसांनी कुणी पाहत नाही, घरच्यांना चेहरे पाठ असतात. त्यात कागदपत्रं आणि चित्रं मिसळा. आजीच्या अक्षरातली लोणच्याची कृती, पणजोबांच्या नावचा मोडीतला कागद, गावचा जुना नकाशा, लग्नाची पत्रिका, मुलीने चौथीत काढलेली आगगाडी. जोडीला एखादी वारली किंवा पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतली एखादी आकृती. कुडाळजवळच्या पिंगुळीत ती काढणारी कुटुंबं आजही आहेत. बाजारात सहा किंवा नऊ काळ्या फ्रेमचा तयार संच मिळतो, त्यात आधीच पानाफुलांची चित्रं आणि इंग्रजी सुविचार भरलेले असतात. तो दवाखान्यात बसवला तरी तितकाच शोभतो. फ्रेम हव्यात तर घ्या, सुविचार काढून टाका.

मांडणी जमिनीवर करा. फ्रेम सतरंजीवर पसरून हवं तसं हलवून बघायचं. मग प्रत्येक फ्रेमच्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापायचा, त्यावर खिळ्याची जागा फुलीने दाखवायची आणि मास्किंग टेपने भिंतीवर डकवायचा. सगळ्यात मोठा तुकडा आधी, मध्यापासून जरा बाजूला, बाकीचे त्याच्याभोवती, दोन ते तीन इंचांच्या फटी सोडून. फटी सारख्या ठेवल्या की फ्रेम एकमेकींसारख्या नसल्या तरी चालतात. कागद दोन-तीन दिवस तसेच राहू द्या. येताजाता काय खटकतं ते कळतं, आणि घरातला प्रत्येक जण एखादा कागद हळूच सरकवतो तेही कळतं. सगळं ठरलं की फुलीवरच खिळा मारायचा आणि कागद फाडून काढायचा.

ओळ सरळ आहे की नाही हे डोळ्यावर सोडू नका. जुन्या इमारतींत छत आणि फरशी दोन्ही उतरती असू शकतात. छताशी मापून लावलेली ओळ मग फरशीशी भांडते. गवंडी लेव्हल पाइप वापरतात. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकं भिंतीला लावायची. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीत थांबतं, त्यात बुडबुडा तेवढा राहू द्यायचा नाही. उभ्या ओळीसाठी ओळंबा, म्हणजे दोऱ्याला बांधलेलं काहीही जड. एका भिंतीपुरतं मोबाइलमधल्या लेव्हलनेही भागतं.

भिंतीची जात मात्र आधी ओळखायला हवी. बोटाने ठोकून बघा. विटेची भिंत भरीव वाजते, तिच्यात साध्या ड्रिलने सहा मिलिमीटरचं भोक पडतं, गिट्टी ठोकून स्क्रू पिळला की झालं. कॉलम आणि बीम काँक्रीटचे. तिथे बिट फिरतं, धूर निघतो, भोक काही पडत नाही. हॅमर ड्रिल लागतं, किंवा फ्रेम चार इंच सरकवायची. नव्या इमारतींत हलक्या सिपोरेक्स ब्लॉकची भिंत असते. तीत भोक लोण्यासारखं पडतं आणि साधी गिट्टी तितक्याच सहज गरगर फिरते, म्हणून त्या भिंतीसाठीची लांब गिट्टी मागून घ्यावी. जिप्समच्या गिलाव्यात नुसता खिळा ठोकला तर ढलपा निघतो. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत कधीही भोक पाडू नका, वायरी तिथूनच गेलेल्या असतात. पलीकडे न्हाणीघर असेल तर नळाचे पाइप कुठून गेलेत ते आधी विचारा. भोकाच्या खाली घडी घातलेला कागद टेपने चिकटवला की भुगा त्यात पडतो आणि घरातली शांतता टिकते.

भाड्याच्या घरात मालक खिळा मारू देत नाही. चिकटपट्ट्यांचे हुक मिळतात, पण डिस्टेंपर किंवा चुन्याच्या भिंतीचे पोपडे ते सोबत घेऊनच खाली येतात. त्यापेक्षा मालकाला विचारून तीन-चार इंच रुंदीची एकच लांब फळी लावा आणि तिच्यावर फ्रेम नुसत्या टेकवून ठेवा. दोन भोकांत भिंत होते, आणि फ्रेम बदलायला ड्रिल लागत नाही.

वजनाचा अंदाज घ्यावा. दोन मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन चौरस मीटरला पाच किलो. दोन बाय तीन फुटांच्या फ्रेमची नुसती काचच पावणेतीन किलोच्या आसपास भरते, लाकूड आणि पाठ वेगळी. ॲक्रिलिकची घनता काचेच्या निम्म्याहून कमी, म्हणून पलंगाच्या डोक्यावर तेच बरं. मागची तार फार ताणून बांधू नये. तारेची दोन्ही अंगं आडव्या रेषेशी तीस अंशांत उतरत असतील तर प्रत्येक अंगावर फ्रेमच्या वजनाइतका ताण येतो. तीच दहा अंशांवर आणली तर ताण जवळजवळ तिप्पट. फ्रेम पाच वर्षांनी मध्यरात्री धाडकन पडते ती यामुळे, भुताटकीने नाही. मोठ्या फ्रेमला दोन हुक द्या. ती केर काढताना धक्का लागून वाकडीही होत नाही.

फ्रेमवाल्याकडे गेलात की तो आधी पट्ट्यांचे नमुने पुढे करतो, सोनेरी, सागवानी, काळी. तिथे वेळ घालवू नका, माउंटबद्दल विचारा. माउंट म्हणजे फोटोभोवतीची जाड कागदाची चौकट. ती शोभेसाठी असते असं वाटतं, पण तिचं मोठं काम फोटो काचेपासून वेगळा ठेवण्याचं. फोटोवर जिलेटिनचा थर असतो. काचेला टेकलेला फोटो आपल्या पावसाळ्यात दमट होतो, थर चिकट बनतो आणि काचेला धरून बसतो. जुन्या लग्नाच्या फोटोंवर कधी कधी नवरीच्या गालावर ओलसर डाग दिसतो, तो हाच. असा फोटो ओढून काढायला जाऊ नका, चेहरा काचेवर राहील. काचेसकट स्कॅन करून घ्या. माउंट आम्लरहित कागदाचा मागा. साध्या पुठ्ठ्याने काही वर्षांत फोटोच्या कडेने तपकिरी रेघ उमटते.

मुंबईत आणि कोकणात पश्चिमेची, दक्षिणेची बाहेरची भिंत पावसाचा मारा खाते. तिथे कागद लावूच नका, पितळेची थाळी, लाकडी मुखवटा, काहीही लावा. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांत मागून बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवले की हवेला जागा राहते. झुकलेल्या तसबिरी हेच काम करत होत्या. फ्रेमची पाठ कागदी टेपने पूर्ण बंद करून घ्या, कसर शिरते ती तिथून.

उन्हाचं तर काही विचारू नका. संग्रहालयं कागदावरच्या चित्रांवर साधारण ५० लक्स एवढाच उजेड पडू देतात. आपल्या खिडकीजवळ दिवसा त्याच्या कितीतरी पट असतो. कृष्णधवल फोटो चांदीच्या कणांचे, ते बरीच वर्षं तग धरतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो मात्र रंगद्रव्यांचे, त्यातला निळसर रंग आधी उडतो आणि अख्खं बारसं लालसर होतं. ते कपाटात ठेवूनही होतं, उजेडात लवकर होतं. म्हणून मूळ फोटो भिंतीवर नको. मोडीतला कागद तर नकोच नको. चांगली प्रत काढून ती लावा, मूळ अल्बममध्ये ठेवा.

प्रत काढताना मापाकडे लक्ष द्या. छपाईला इंचामागे तीनशे ठिपके धरले, तर बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो साधारण तेरा बाय दहा इंचांपर्यंत चोख येतो. तोच व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आला तर लांबीला सोळाशेच ठिपके उरतात, म्हणजे पाच-साडेपाच इंच. मावशीला सांगा, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव.

जागा कमी आहे ही तक्रार असेल तर लंडनच्या जॉन सोन या वास्तुकाराची युक्ती बघा. त्याच्या घरातली चित्रांची खोली मोठ्या शयनगृहाएवढीही नाही, आणि तिथे शंभरावर चित्रं आहेत. भिंती बिजागऱ्यांच्या आहेत. कपाटाच्या दारासारखी भिंत उघडली की आत दुसरी चित्रं. १८३३ च्या कायद्याने ते घर आहे तसं जपलं गेलं आणि आजही बघता येतं. बिजागऱ्या आपल्याला जमणार नाहीत, पण एका फ्रेममध्ये दोन-तीन प्रती मागेपुढे ठेवून वर्षाकाठी बदलणं सहज जमतं.

शेवटी पेन्सिल घ्या आणि फ्रेम टांगण्याआधी प्रत्येकीच्या पाठीवर लिहा. मऊ शिशाची पेन्सिल, बॉलपेन नको. लिहायचं ते पाठीच्या पुठ्ठ्यावर, फोटोवर नाही, आणि अल्बममधल्या मूळ फोटोच्या पाकिटावरही तेच. कोण, कुठे, साधारण कधी. 'आत्या' एवढं लिहून भागत नाही, पुढच्या पिढीला ती कुणाची आत्या ते कळायचं नाही. बायकांची नावं तर दोन्ही लिहा, कारण आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पुष्कळदा पहिलं नावही बदलत असे. लग्नाआधीच्या फोटोतली द्वारका आणि नंतरच्या फोटोतली लक्ष्मीबाई एकच, हे सांगू शकणारं घरात आता बहुतेक एखादंच माणूस उरलेलं असतं. त्यांना दुपारच्या चहानंतर गाठा, सगळे फोटो समोर ठेवा आणि ते सांगतील तसं लिहून घ्या.